नैराश्यात विश्वास कसा धरून राहावा: ख्रिस्ती माणसासाठी आणि त्याच्या मंडळीसाठी

नैराश्य आलेल्या विश्वासी माणसाला दोन दुखणी एकाच वेळी सोसावी लागतात. एक आजाराचं आणि दुसरं, 'माझा विश्वास कमी पडला म्हणूनच हे झालं' या टोचणीचं. हे दुसरं दुखणं बहुधा पहिल्यातूनच निघतं. ते कसं निघतं हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं, म्हणून सुरुवात तिथून करू.

नैराश्याचं निदान करताना डॉक्टर नऊ लक्षणं पाहतात. दिवसभर खिन्न वाटणं, कशातच रस किंवा आनंद न उरणं, भूक किंवा वजनात मोठा फरक, झोप उडणं किंवा अती झोप, हालचाली मंदावणं किंवा एका जागी बसवत नाही अशी तगमग, थकवा, आपण नालायक आहोत असं वाटणं किंवा अवाजवी अपराधीपणा, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार. यांतली किमान पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज असली, त्यांत पहिल्या दोनांपैकी एक तरी असलं आणि रोजची कामं अडू लागली, तर तो उपचार घ्यायचा आजार आहे.

आता हीच लक्षणं भक्तीच्या जीवनात कशी दिसतात ते पाहा. रस उडाला की गीतं कोरडी लागतात. लक्ष लागत नाही, म्हणून एकच वचन चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. थकव्यामुळे रविवारी उपासनेला जायला अंग उचलत नाही. अपराधीपणामुळे कधीच क्षमा झालेली पापं पुन्हा उकरली जातात. माणसाला वाटतं, देव दूर गेला. पण देवाची जवळीक ज्या शक्तींनी जाणवते, त्याच शक्ती आजाराने बधिर केलेल्या असतात. म्हणून या काळात विश्वास भावनेने मोजू नका. काहीही जाणवत नसताना 'प्रभू, दया कर' एवढंच म्हणणारा माणूससुद्धा विश्वासच धरून असतो.

जिवाचा धोका असेल तर हे आधी

मरावंसं वाटतं, त्याचा मार्ग मनात ठरू लागला आहे, किंवा 'माझ्याशिवाय घरचे सुखी होतील' असा विचार पुन्हा पुन्हा येतो, असं असेल तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा. आत्ता एका माणसाला सांगा. 'मला जीव द्यावासा वाटतोय, मला एकटं सोडू नका', एवढे शब्द पुरे. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्या देशातल्या मदतवाहिनीला फोन करा. मनात जो मार्ग आला असेल त्याची साधनं घराबाहेर हलवायला सांगा. साठवलेल्या गोळ्या, विषारी औषधं, शस्त्र, जे असेल ते. ही लाट बऱ्याचदा काही मिनिटांत किंवा काही तासांत ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो.

असे विचार आले म्हणजे आपण देवाच्या हातातून निसटलो, असं समजू नका. मोशे, एलीया आणि योना या तिघांनीही देवाकडे मरण मागितलं. देवाने त्यांतल्या एकालाही टाकून दिलं नाही. मोशेला तर ओझं वाटून घ्यायला सत्तर वडील मिळाले.

लाट ओसरल्यावर, शांत वेळी, एका कागदावर योजना लिहून ठेवा. माझं बिघडू लागल्याच्या खुणा कोणत्या. त्या वेळी एकट्याने काय करायचं, जसं की थंड पाण्याने तोंड धुणं, बाहेर चालणं, एक ठरलेलं स्तोत्र मोठ्याने म्हणणं. कोणाजवळ जाऊन बसायचं. कोणाला उघड सांगायचं. कोणत्या डॉक्टरला आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. कागदाची एक प्रत जवळच्या माणसाकडे द्या. ऐन वेळी डोकं चालत नाही. तेव्हा लिहिलेलंच उपयोगी पडतं.

एलीयाला आधी काय मिळालं

१ राजे १९ हा अध्याय या आजारात पुन्हा पुन्हा उघडावा असा आहे. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर एलीया रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि 'आता पुरे' म्हणून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावरचं संभाषण चाळीस दिवसांनी झालं. तिथेही एलीयाला आपलं गाऱ्हाणं दोनदा सांगू दिलं गेलं. मग पुढचं काम मिळालं आणि अलीशाच्या रूपाने सोबतीही मिळाला.

तुमचाही क्रम हाच ठेवा. आधी शरीर, मग संवाद, मग काम, आणि हे सगळं सोबतीने. बरेच जण उलट्या क्रमाने जातात. सेवा वाढवतात, उपास वाढवतात, पहाटे लवकर उठतात आणि आणखी कोसळतात.

शरीरासाठी पाच गोष्टी. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्री झोप लागली नसली तरी. झोपेचं घड्याळ उठण्याच्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडावर बसतं. उठल्यावर तासाभरात उजेडात या. भूक नसली तरी ठरलेल्या वेळी थोडं खा. दिवसातून दहा मिनिटं चाला, जमेल तशी ती हळूहळू तीसपर्यंत न्या. दारू पूर्ण बंद ठेवा, कारण ती झोप मोडते, मन आणखी खाली नेते आणि औषधांशी तिचं जमत नाही.

इच्छा होण्याची वाट पाहू नका. या आजारात कृती आधी होते आणि इच्छा मागून येते. दिवसात दोन छोटी कामं वेळेसकट लिहा. एक गरजेचं, एक पूर्वी आवडणारं. 'घर आवरीन' असं लिहिलं तर ते होणार नाही, 'अकरा वाजता टेबलावरचे कागद उचलीन' हे होईल. काम झाल्यावर किती बरं वाटलं याला शून्य ते दहा गुण द्या. आठवड्याने पाहिलं तर शून्य वाटलेल्या दिवसांतही दोन-तीन गुणांचे तुकडे सापडतात. पुढच्या आठवड्यात तेच वाढवायचे.

डॉक्टरकडे

देव बरं करतो आणि डॉक्टरही लागतात, यात विसंगती नाही. पौलाच्या सोबत्यांत 'प्रिय वैद्य लूक' होता. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, हे प्रभूचे शब्द आहेत. ते पाप्यांना बोलावण्याविषयी असले तरी दुखणाइताने वैद्याकडे जावं हे त्यांत गृहीतच आहे.

जाण्याआधी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर तपासणी लांबवू नका. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न पाहता लगेच कोणाशी तरी बोला. झोप, भूक, चालू औषधं, घरात कोणाला मानसिक आजार होता का, हे एका कागदावर लिहून न्या. थायरॉईड, रक्तक्षय आणि बी-१२ची कमतरता तपासायची का, हे विचारा. थायरॉईड मंदावल्यानेही असाच थकवा आणि अशीच खिन्नता येते. बाळंतपणानंतरचे दिवस असतील तर ते मुद्दाम सांगा.

एक गोष्ट मंडळीतल्या माणसांकडून हमखास सांगायची राहते. पूर्वी कधी झोप अगदी थोडी घेऊनही अंगात प्रचंड जोर होता, रात्रभर प्रार्थना चालली, डोक्यात विचारांची रांग लागली, पैसे वाटून टाकले, 'देवाने मला खास कामासाठी निवडलं' असं ठामपणे वाटू लागलं, असा काळ येऊन गेला असेल तर तो डॉक्टरला सांगितलाच पाहिजे. आजूबाजूच्यांना तो आत्म्याचा आवेश वाटलेला असतो. प्रत्यक्षात तो द्विध्रुवी (बायपोलर) आजाराचा, म्हणजे मन कधी फार खाली तर कधी फार वर नेणाऱ्या आजाराचा, चढता टप्पा असू शकतो, आणि त्या आजारात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर तो टप्पा पुन्हा उसळू शकतो. दोषी ठरवणारे आवाज ऐकू येत असतील, किंवा आपल्याला कायमचा शाप लागला आहे याची अढळ खात्री झाली असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

औषधाचं वेळापत्रक आधीच माहीत असलं की निराशा टळते. नेहमीच्या औषधांचा पहिला फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवतो, पूर्ण परिणामाला सहा ते आठ लागतात. मळमळ, डोकेदुखी, झोपेतला बदल हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात आणि बहुधा ओसरतात. म्हणजे आधी त्रास, मग गुण. इथेच अनेक जण औषध सोडतात. पंचवीसपेक्षा कमी वयाच्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी त्या काळात बारीक लक्ष ठेवायचं आणि विचार वाढले तर लगेच डॉक्टरला कळवायचं.

बरं वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. साक्ष देण्याच्या उत्साहात ते एकदम बंद करणं ही मंडळीत वारंवार होणारी चूक आहे, आणि ती फसवी का असते ते समजून घ्या. औषध थांबवल्यावर आजार लगेच उलटतोच असं नाही, कित्येकदा आठवडे किंवा महिने जातात. मधला काळ चांगला गेला की तो चमत्काराचा पुरावा वाटतो. मग आजार उलटला की त्याला विश्वास ढळल्याचं लेबल लागतं. काहींना एकदम बंद केल्यावर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. औषध थांबवायचं तर डॉक्टरच्या सल्ल्याने, मात्रा हळूहळू उतरवत.

उपासाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. नैराश्यात भूक मेलेली असते, वजन उतरत असतं. अशा वेळी अन्नाचा उपास नको. द्विध्रुवी आजारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी पाणी सोडून उपास तर कधीच करू नये. शरीरात पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तात ते विषारी पातळीला जातं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चाल अडखळणं, जीभ जड होणं ही त्याची चिन्हं आहेत आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं. रात्रभराची प्रार्थनाही द्विध्रुवी आजारात धोक्याची, कारण जागरणाने चढता टप्पा सुरू होतो. उपासाच्या काळात काही सोडायचंच असेल तर बातम्या किंवा मोबाइल सोडा.

समुपदेशक ख्रिस्ती मिळाला तर बरं, पण पात्रता आधी पाहा. प्रशिक्षण कुठे झालं, नैराश्यावर काम केलं आहे का, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता का, हे तीन प्रश्न विचारा. समुपदेशक ख्रिस्ती नसला तर पहिल्याच भेटीत सांगा, 'माझा विश्वास मला महत्त्वाचा आहे, त्याचा आदर ठेवून काम कराल का?' चांगला समुपदेशक हो म्हणतो.

प्रार्थना जमत नाही तेव्हा

भक्तीचा वेळ लांबवू नका, आखडता घ्या. दिवसाला तीन मिनिटं, पण ठरलेली. ती पहाटेचीच हवीत असा नियम नाही. अनेकांना सकाळ सर्वात जड जाते आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटतं. त्या हलक्या घटकेत बसा.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर दुसऱ्यांचे घ्या. प्रभूची प्रार्थना रोज पूर्ण जमली नाही तर एका दिवशी एक ओळ. श्वास घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'माझ्यावर दया कर', असं दहा श्वास. तेही जमलं नाही तर नुसतं बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं लिहिलं आहे. ते अशाच दिवसांसाठी आहे.

तक्रार करायला स्तोत्र १३ वापरा. ते फक्त सहा वचनांचं आहे आणि त्याची घडण सरळ आहे. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. याच घडणीवर आपली प्रार्थना लिहा. काय दुखतंय ते, काय हवं ते, आणि भरवशाचं एक वाक्य. भरवशाचं वाक्य खोटं वाटत असेल तर ती जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तिथे उजेडाची ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे. ४२ आणि ४३ ही स्तोत्रं एकत्र वाचा. तिथे स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवाशी बोलतो, 'तू का खिन्न झालास' म्हणून त्याला विचारतो. वाचवत नसेल तर ध्वनिमुद्रित बायबल लावा किंवा कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा.

न्यायाच्या इशाऱ्यांचे उतारे या दिवसांत एकट्याने वाचू नका. आजारी मन त्यातले सगळे शाप स्वतःकडे ओढतं आणि सगळी अभिवचनं दुसऱ्यांना वाटून टाकतं. रोजनिशीचंही भान ठेवा. दहा मिनिटांचा गजर लावून लिहा आणि थांबा. तासभर स्वतःला तपासत बसणं हे पश्चात्तापासारखं दिसतं, पण ते बहुतेक वेळा त्याच विचारांचं दळण असतं.

अपराधीपणा खरा की आजाराचा

हा भाग सावकाश वाचा, कारण सर्वात जास्त माणसं इथे अडकतात. खऱ्या पापाची जाणीव नेमकी असते. अमक्या दिवशी अमक्याशी खोटं बोललो. ती पुढची पायरीही दाखवते. कबूल कर, क्षमा माग, भरपाई कर. आणि कबुलीनंतर ती हलकी होते. आजाराचा अपराधीपणा धूसर आणि सरसकट असतो. 'मीच वाईट', 'माझ्यामुळेच सगळं बिघडलं'. त्याला पायरी नसते, आणि दहादा कबूल करूनही तो तसाच राहतो.

कागदावर टोचणारी गोष्ट एका वाक्यात लिहा. वाक्यात ठरावीक कृती असेल तर ती एकदाच, देवापुढे आणि गरज असेल तर पाळकासमोर किंवा फादरसमोर, कबूल करा. खाली तारीख घाला. तीच टोचणी पुन्हा आली तर नवी कबुली द्यायची नाही, तारखेकडे बोट दाखवायचं. वाक्यात कृतीच सापडत नसेल तर तो अपराधीपणा लक्षण म्हणून डॉक्टरला सांगायचा.

'माझ्या हातून अक्षम्य पाप घडलं' ही भीती तासन्‌तास पिच्छा पुरवत असेल, खात्री करून घ्यायला पुन्हा पुन्हा पाळकांना विचारावं लागत असेल, तर तो मंत्रचळेपणाचा (ओसीडी, म्हणजे नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येऊन छळण्याचा आजार) प्रकार असू शकतो. त्यात दर वेळी मिळणारं आश्वासन काही मिनिटं टिकतं आणि भीती आणखी पक्की करतं. पाळकांनी अशा वेळी एकदा नीट उत्तर द्यावं आणि तोच प्रश्न पुन्हा आला की प्रेमाने उपचाराकडे वळवावं.

मंडळीत कोणाला, किती सांगायचं

सर्वांना सांगायची गरज नाही, कोणालाच न सांगणं मात्र धोक्याचं. गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना सोबत घेतलं आणि 'माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे' असं त्यांना उघड सांगितलं. दोन-तीन माणसं निवडा. जी ऐकून घेतात, दुसऱ्यांच्या गोष्टी तुमच्याजवळ बोलत नाहीत, आणि लगेच तोडगा काढत नाहीत. बोलताना काय हवं ते नेमकं मागा. 'मला नैराश्याचा आजार आहे, उपचार चालू आहेत. दर बुधवारी एक फोन कराल का? सल्ला नको, एक स्तोत्र वाचा.' आणि पुढे जोडा, 'हे प्रार्थनासाखळीत टाकू नका.' प्रार्थनेच्या विनंतीतून बातमी पसरायला वेळ लागत नाही.

उपासनेला जाणं जड जात असेल तर दाराजवळची जागा घ्या, सुरुवातीला पोहोचा किंवा पहिल्या गीतानंतर या, शेवटच्या आशीर्वादाबरोबर निघा. गाता आलं नाही तर इतरांना तुमच्यासाठी गाऊ द्या. मार्क २ मध्ये पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, आणि येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला. प्रभुभोजन चुकवू नका. तिथे काही जाणवलं पाहिजे अशी अट नाही. येणं जमत नसेल तर घरी आणायला सांगा. जबाबदाऱ्यांपैकी सर्वात जड ती काही महिने खाली ठेवा, एक हलकी हातात राहू द्या. सगळंच सोडलं तर एकटेपणा वाढतो.

सोबत करणाऱ्यांसाठी

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. बोलू लागले तेव्हा बिघडवलं. 'आनंद करा असं वचन आहे', 'विश्वास वाढव', 'तुझ्यापेक्षा दुःखी लोक आहेत', ही वाक्यं टाळा. रोगी ती स्वतःला रोज ऐकवतच असतो. त्याऐवजी डॉक्टरकडे सोबत जा, औषध आणून द्या, दहा मिनिटं बरोबर चाला. 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, मागण्याचंही त्राण नसतं. 'उद्या चारला येतो' म्हणा आणि या. भजनकार विल्यम कूपर यांना १७७३ मध्ये गंभीर नैराश्याने गाठलं आणि देवाने आपल्याला टाकलं अशी त्यांची खात्री झाली. त्यांचे मित्र आणि पाळक जॉन न्यूटन यांनी त्यांना महिनोन्‌महिने आपल्या घरी ठेवून घेतलं. खात्री बदलली नाही, मैत्रीही सुटली नाही.

जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट ज्याच्या मनात असतो त्याला बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर गुप्ततेचं वचन देऊ नका.

भूत काढण्याचे प्रयोग नैराश्यावर करू नका. मत्तय ४:२४ मध्येही रोगी, भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती यांची नावं वेगवेगळी घेतली आहेत. ज्याला आधीच आपण वाईट आहोत असं वाटतं, त्याच्या अंगात दुष्ट शक्ती आहे असं सांगितलं की आजाराच्या आरोपावर मंडळीची मोहोर बसते. याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी, शांतपणे, रोग्याची संमती घेऊन, आणि औषध चालू ठेवायला सांगून.

बरं वाटू लागल्यावर

सुधारणा सरळ रेषेत येत नाही. चांगले चार दिवस आणि मग एक वाईट, असं होतं. त्या एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. महिन्यातून एकदा प्रश्नावली भरून बेरीज लिहून ठेवा. बहुधा आधी झोप आणि भूक सुधारते, आनंद उशिरा परततो, म्हणून प्रार्थनेतली गोडीही सर्वांत शेवटी येऊ शकते. तीन मिनिटांची वेळ तोवर तशीच चालू द्या, मग पाचवर न्या. साक्ष द्यायला कोणी बोलावलं तर किमान काही महिने थांबा, आणि दिलीत तर औषधाचा आणि डॉक्टरचा उल्लेख गाळू नका. मागच्या बाकावर कोणीतरी गोळी सोडावी की नाही या विचारात बसलेलं असू शकतं.